पत्र्याखालच्या माळ्यावर बुरशी, कुबट वास आणि पहाटेची ठिबक: उपाय काय करावा?

मांजराकाठ (ता. केज, जि. बीड)

नमस्कार. आमच्या घराच्या माळ्यावर दोन वर्षांपासून दमटपणा वाढला आहे आणि आजवर केलेला एकही उपाय लागू पडलेला नाही. अर्धवट माहितीवर मिळालेल्या सल्ल्यांमुळेच आमचे पैसे गेले, म्हणून मजकूर लांबला तरी सगळा तपशील देत आहे.

घर २००९ साली बांधले. पुढच्या तीन खोल्यांवर स्लॅब आहे आणि मागे पत्र्याची पडवी काढून तिच्यात स्वयंपाकघर केले आहे. पत्रा एकपाखी असून स्लॅबच्या भिंतीकडे १२ फूट आणि अंगणाकडे साडेनऊ फूट उंच आहे. स्वयंपाकघरात साडेसात फुटांवर लोखंडी अँगल टाकून वर फळ्या बसवल्या आहेत. हाच आमचा माळा. लांबी १४ फूट, रुंदी ११ फूट. त्यावर ज्वारीची आणि तुरीची पोती, पेरणीसाठी राखलेले सोयाबीन, लग्नकार्यातील पितळी भांडी, वाकळा आणि वडिलांच्या जुन्या कागदपत्रांची लोखंडी पेटी असते.

पूर्वी भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये चार बोटे फट होती आणि पत्र्याच्या नागमोडी खाचाही मोकळ्या होत्या. तिथून उंदीर यायचे, चिमण्या घरटी करायच्या आणि एकदा तर धामण उतरली. आई घाबरली, म्हणून दोन वर्षांपूर्वी गवंड्याकडून सगळ्या फटी सिमेंटने बुजवून घेतल्या. त्या पावसाळ्यापासून माळ्यावर कुबट वास येऊ लागला, फळ्यांवर काळे ठिपके उठले आणि खालच्या थरातील दोन पोत्यांत ज्वारीचे गठ्ठे झाले. दिवाळीनंतर थंडी पडली की पहाटेपासून आठ वाजेपर्यंत पत्र्यातून पाणी ठिबकते. पहिल्या वर्षी ती गळती समजून तालुक्याच्या एका ठेकेदाराकडून पत्र्यावर रबरासारखा लेप लावून घेतला. अठरा हजार रुपये गेले आणि आठव्या दिवशी पुन्हा ठिबक सुरू झाली. यंदा मी वाकळा हलवून पत्र्याखाली परात आणि दोन पातेली मांडली, तेव्हा एका रात्रीत दीड लिटर पाणी भरले. महिनाभरात पावसाचा थेंबही पडलेला नव्हता.

पाहुण्यांपैकी एक जण वाऱ्यावर फिरणारा टर्बो व्हेंटिलेटर बसवा म्हणतात, दुसरे पत्र्याखाली जाड प्लास्टिक ताणा म्हणतात आणि तिसऱ्यांचे म्हणणे असे की चार कोपऱ्यांत कळीचा चुना ठेवला तर तो ओल शोषून घेतो. यांपैकी काय करावे, आणि फटी पुन्हा उघडल्या तर उंदरांचे काय करावे, हे कृपया सांगावे.


ओळंबा (नांदेड)

मी बांधकाम खात्यात तीस वर्षे काढली आहेत, त्या अनुभवावर लिहितो.

महिनाभर पाऊस नसताना पाणी पडते, एवढ्यावरूनच गळती बाद होते. ठेकेदाराने लेप लावण्याआधी ही एक गोष्ट विचारली असती तर तुमचे अठरा हजार वाचले असते. आपल्याकडे याला पत्र्याला घाम येणे म्हणतात. स्वच्छ आकाशाच्या रात्री पत्रा आपली उष्णता आभाळाकडे फेकत राहतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही दोन-चार अंशांनी थंड होतो. उघड्यावर उभ्या केलेल्या मोटारीच्या टपावर दव साचते आणि झाडाखालच्या मोटारीवर साचत नाही, त्याचे कारणही हेच. तुम्ही आठवून पाहा: ढगाळ रात्रीनंतर ठिबक कमी आणि लख्ख चांदण्याच्या रात्रीनंतर जास्त, असा अनुभव आला असेल, तर निदानाविषयी शंका उरत नाही.

आता हिशेब पाहू. स्वयंपाकघरातील हवा २८ अंश असेल आणि तिची सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असेल, तर त्या हवेला १९-२० अंशांच्या खालचा कोणताही पृष्ठभाग लागला की पाणी सुटते. डिसेंबरच्या पहाटे तुमच्याकडे बाहेर १२ अंश असतील तर पत्रा त्याहून थंड असणार, म्हणजे पाणी सुटणे अटळच आहे. परंतु मला अधिक महत्त्वाचे वाटते ते दीड लिटर. तुमच्या माळ्याची सरासरी उंची सव्वातीन फूट धरली तर तिथे सुमारे १४ घनमीटर हवा मावते, आणि वरच्या हिशेबाने एका घनमीटरमध्ये १६ ग्रॅम बाष्प धरले तरी साऱ्या माळ्यावरच्या हवेत मिळून पाव लिटरही पाणी होत नाही. तुमच्या परातीत त्याच्या सहापट पाणी पडले. म्हणजे माळ्याला रात्रभर खालून बाष्पाचा पुरवठा होत आहे, आणि पूर्वी जे फटींतून निघून जात होते ते आता पत्र्याला लागून परत खाली येत आहे.

हे बाष्प येते कोठून, याचा घरोघरी अंदाज नसतो. एक किलो स्वयंपाकाचा गॅस जळला की सुमारे १.६ किलो पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. १४.२ किलोच्या सिलिंडरमधून २२ लिटरहून अधिक पाणी घरात येते. सिलिंडर २५ दिवस पुरत असेल तर रोजचे पाऊण ते एक लिटर झाले. डाळ-भाताची वाफ वेगळी. झोपलेला माणूसही श्वासातून आणि त्वचेतून तासाला ४० ग्रॅमच्या आसपास बाष्प सोडतो.

सुचवलेल्या उपायांबद्दल थोडक्यात. चुना ओल शोषतो हे खरे, पण एक किलो कळीचा चुना पूर्ण विरायला साधारण ३२० ग्रॅम पाणी पुरते. तुमच्याकडे रोज दीड लिटर पडते, म्हणजे रोज पाच किलो चुना बदलावा लागेल. शिवाय त्याच्यावर थेट ठिबक पडली तर तो चांगलाच तापतो आणि शेजारी गोणपाट आहे. हा उपाय विसरा. प्लास्टिक ताणले तर पाणी पत्र्याऐवजी प्लास्टिकला सुटेल. उतार देऊन त्याची कड बाहेर काढली तर या हिवाळ्यापुरती पोती वाचतील, इतकाच त्याचा उपयोग. टर्बो व्हेंटिलेटर कारखान्यांच्या उंच छपरांवर उत्तम चालतो, परंतु तो फक्त हवा ओढतो. बाहेरून हवा आत यायला वाट नसताना तो बसवलात तर तो फळ्यांच्या फटींतून स्वयंपाकघराची दमट हवाच वर खेचेल, आणि थंडीतल्या निवांत पहाटे वारा नसताना फिरणारही नाही.

उपाय सांगण्याआधी तीन गोष्टी कळवा. माळ्यावर चढण्याच्या जागेला झाकण आहे का? स्वयंपाकघराची वाफ बाहेर जायला पंखा अथवा झरोका आहे का? आणि न्हाणी कोठे आहे?


ज्वारीची भाकर (परभणी)

दादा, काकांचे उत्तर येईल तेव्हा येईल, धान्याचे आजच पाहा. गठ्ठे झालेली ज्वारी वाळवून, चाळून पुन्हा पोत्यात भरण्याचा मोह होतो. आमच्या घरी सासूबाईंचा असाच आग्रह होता. बुरशी लागलेले धान्य वाळवले तरी बुरशीने तयार केलेले विष त्यात राहते आणि शिजवूनही ते पुरते जात नाही. अशी ज्वारी माणसांना नाहीच, जनावरांनाही घालू नये, विशेषतः दुभत्या जनावरांना.

राहिलेली पोती फळीवर थेट ठेवू नका. खाली विटा किंवा लाकडी पाट घालून चार-सहा इंच उचला आणि भिंतीपासून फूटभर दूर ठेवा. तुमच्या बाबतीत खालचाच थर खराब झाला, याचे कारण मला असे वाटते की स्वयंपाकघराची वाफ फळ्यांच्या फटींतून आधी त्याच पोत्यांना लागते. ज्वारी दाताखाली कट्ट वाजली पाहिजे. दबली तर ती अजून ओली आहे.

आणखी एक गोष्ट विचारते, राग मानू नका. पोत्यांत अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या, म्हणजे धान्यातली कीड मारायच्या, गोळ्या ठेवल्या असतील तर त्या माळ्यावर अजिबात नकोत. हवेतील ओलाव्याशी संयोग होऊनच त्यांच्यातून विषारी वायू सुटतो, तो हवेपेक्षा थोडा जड असतो आणि तुमच्या माळ्याला खाली फटी आहेत. बंद घरात या वायूने माणसे दगावतात. ठिबकणाऱ्या पत्र्याखाली, स्वयंपाकघराच्या डोक्यावर, अशा गोळ्या म्हणजे जीवाशी खेळ आहे.


मांजराकाठ

ताई, गोळ्या होत्या. दोन पोत्यांत, कापडाच्या पुरचुंडीत. आपला संदेश वाचल्यावर कृषी सेवा केंद्रात विचारून, घर मोकळे करून, त्यांच्या माणसाच्या हातूनच त्या काढवून घेतल्या. त्या कोणी ठेवल्या यावरून घरात जे व्हायचे ते झाले, ते इथे लिहीत नाही.

ओळंबा काका, तुमच्या प्रश्नांची उत्तरे. माळ्यावर शिडीने चढतो, ती जागा अडीच फूट रुंद असून नेहमी उघडी असते. स्वयंपाकघराला अंगणाकडे खिडकी आहे, पण थंडीत आणि धुळीमुळे ती लावलेली असते, पंखा नाही. ढगाळ रात्रीचे तुमचे म्हणणे तंतोतंत खरे निघाले. मागील आठवड्यात दोन दिवस आभाळ होते, त्या दोन्ही दिवशी परात कोरडी होती.

न्हाणीचा प्रश्न वाचून मात्र मी उठून मागे गेलो. न्हाणी त्याच पत्र्याखाली, स्वयंपाकघराला लागूनच आहे. तिच्यावर माळा नाही म्हणून मी तिचा उल्लेखच केला नव्हता. मधली भिंत माळ्याच्या उंचीइतकीच, साडेसात फूट आहे आणि तिच्या वर पत्र्यापर्यंत सगळे मोकळे आहे. घरात सहा माणसे आहेत. बंब पाच वाजता पेटतो आणि साडेसातपर्यंत आंघोळी चालतात.


ओळंबा

मग तुमचा माळा म्हणजे न्हाणीचाच वरचा मजला झाला. उघड्या फटींच्या काळात ती वाफ पत्र्याखालून सरकत अंगणाकडे निघून जात असे. आता तिला पोत्यांशिवाय जागा उरलेली नाही. ज्या वेळात ठिबक होते त्याच वेळात आंघोळी होतात, हेही पाहा. तुमच्या गवंड्याने काम नीटच केले होते, पण फटी बुजवताना त्या कशासाठी ठेवल्या होत्या हे त्याला कोणी विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही. आपल्याकडच्या बहुतेक पडव्यांची हीच कथा आहे.

आता जे करायचे ते क्रमाने करा. क्रम बदलला तर खर्च होईल आणि गुण येणार नाही.

प्रथम न्हाणी आणि माळा वेगळे करा. मधल्या भिंतीवर पत्र्यापर्यंत सिमेंटची पातळ शीट किंवा चार इंची वीटकाम चढवा आणि पत्र्याच्या खाचांशी ते नीट बुजवा. इथे मात्र फट चालणार नाही. त्याच वेळी न्हाणीला बाहेरच्या भिंतीत, पत्र्याच्या जितके जवळ जमेल तितके उंच, तिचा स्वतःचा झरोका द्या, नाहीतर ठिबक न्हाणीत सुरू होईल. (न्हाणीत ठिबकले तर तिथे बिघडण्यासारखे काही नाही हे खरे, पण बंबाचा धूर कोंडेल. धूर कोंडलेल्या बंद न्हाणीत माणसे बेशुद्ध पडतात, म्हणून झरोका बंद होणारा नको.)

दुसरे, माळ्याच्या चढायच्या जागेला घट्ट बसणारे झाकण करा आणि फळ्यांच्या सांध्यांवर खालून लाकडी पट्ट्या मारा. स्वयंपाकघरात शेगडीच्या वरच्या बाजूला, भिंतीतून थेट अंगणात हवा फेकणारा लहान पंखा बसवा आणि स्वयंपाक उरकल्यावरही दहा-पंधरा मिनिटे तो चालू ठेवा. पंखा हवा बाहेर फेकतो तेव्हा तेवढीच हवा कोठून तरी आत यावी लागते, म्हणून खिडकीची एक फळी बोटभर उघडी असावी. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. त्यामुळे दाराखालची फट किंवा खालची जाळी कधी बुजवू नका.

एवढे झाल्यावर माळ्याला बाहेरच्या हवेची वाट द्या. अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नियमांत माळ्याच्या क्षेत्रफळाच्या दीडशेव्या भागाइतकी उघडी जागा असावी असा ठोकताळा आहे. हवामान वेगळे असले तरी सुरुवातीला अंदाज म्हणून तो बरा पडतो. तुमचे १५४ चौरस फूट, म्हणजे साधारण एक चौरस फूट जागा हवी. जाळीमुळे निम्मी वाट अडते असे धरून दोन चौरस फूट करा. अंगणाकडच्या भिंतीत पत्र्यालगत ९ × ९ इंचांचे दोन झरोके, आणि बाहेरच्या आडव्या भिंतीत, पत्रा जिथे सर्वांत उंच आहे त्या टोकाला, ९ × १८ इंचांचा एक. सगळे झरोके एकाच उंचीवर ठेवू नका. गरम हवा वरून निघते तेव्हाच थंड हवा खालून शिरते, आणि दोन्हींच्या उंचीत जितका फरक तितका ओढा जास्त.

उंदरांसाठी पाव इंची छिद्रांची जस्ताची जाळी बसवा आणि ती चौकटीत आवळून बसवा. डासांची नायलॉनची जाळी उंदीर एका रात्रीत कुरतडतो, आणि आपल्याकडच्या धुळीने ती उन्हाळ्यातच लिंपून जाते. बाहेरून उतरत्या पट्ट्यांची झडप असली की झडीचे पाणी आत येणार नाही. दिवाळीत जाळी ब्रशने झाडायची, एवढे लक्षात ठेवा.

पत्र्याखाली उष्णतारोधक फोम लावण्याचा विचार त्यानंतर करा. तो लावल्यास सांधे चिकटपट्टीने पूर्ण बंद झाले पाहिजेत. नाहीतर वाफ त्याच्या मागे जाईल, पत्र्याला पाणी सुटेल, ते दिसणार नाही आणि पत्रा आतून गंजेल.


जुने माळवद (ता. उमरगा, जि. धाराशिव)

काकांनी सांगितले त्यात भर घालण्यासारखे फार नाही, फक्त जुन्या घरांची एक आठवण सांगतो, कारण तिचा संबंध याच प्रश्नाशी आहे.

आमच्या आजोबांचे घर माळवदाचे होते. तुळया, त्यांवर किलच्या, म्हणजे लाकडाच्या चिपा, आणि वर हातभर पांढरी माती. त्या छताला कधी घाम आल्याचे कोणी पाहिले नाही. एवढ्या जाड मातीखाली लाकडाचा आतला भाग रात्रीतून थंड होत नसे आणि त्यामुळे वाफेला बसायला थंड जागाच मिळत नसे. चुलीच्या वर, छतात, सवणे असायचे, म्हणजे उजेडासाठी आणि धुरासाठी ठेवलेले भोक. पाऊस आला की कोणीतरी वर जाऊन त्याच्यावर घमेले पालथे घालायचे. स्वयंपाकाची सगळी वाफ सरळ वर जायची, आणि धुराच्या काजळीमुळे लाकडाला कीड कमी लागायची. पत्रा आला तेव्हा सवणे गेले, आणि सवणे गेल्याचे कोणाच्या लक्षातही आले नाही.

परंतु हे वाचून पत्र्यावर किंवा माळ्यावर मातीचा थर देण्याची कल्पना कोणाच्या मनात येत असेल तर ती काढून टाकावी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात आमच्या भागात जी माणसे गेली, त्यांतली कितीतरी दगडमातीच्या भिंती आणि माळवदांच्या ओझ्याखाली गेली. दर वर्षी गळती थांबवायला नवी माती चढायची आणि जुनी काढायचे कोणी मनावर घेत नसे, त्यामुळे ओझे पिढीगणिक वाढत गेले होते. आमचे माळवद त्या वेळी पडले नाही, पण वडिलांनी पुढच्याच वर्षी ते उतरवले.

उन्हाळ्यात पत्र्यावर कडबा किंवा तुराट्या पसरतात तेही पावसाआधी काढावे लागते. भिजलेला कडबा पत्र्यावर कुजत राहिला की जस्ताचा मुलामा जातो आणि मग खरी गळती सुरू होते.


ज्वारीची भाकर

ओळंबा काका, एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. तुम्ही झरोके कायम उघडे ठेवायला सांगितल्यासारखे वाटते. थंडीत ते बरोबर आहे, पण पावसाळ्यात? मी एका श्रावणात हवा खेळावी म्हणून कोठीची खिडकी रात्रंदिवस उघडी ठेवली होती. पंधरा दिवसांत शेंगदाण्यांवर हिरवट बुरशी आली आणि पापड मऊ पडले. त्यानंतर मी साधे डिजिटल आर्द्रतामापक आणले. सलग काही दिवस आकडा ७० च्या वर राहिला की मला वास येण्याआधीच समजते. झडीच्या दिवसांत बाहेरचा आकडा ९० च्या आसपास असताना ती हवा आत घेऊन काय साधणार?


ओळंबा

ताईंचे म्हणणे रास्त आहे आणि माझ्या उत्तरात ही उणीव राहिली होती. परंतु केवळ टक्क्यांवर जाऊ नका, कारण टक्के तापमानाबरोबर बदलतात. डिसेंबरच्या पहाटे बाहेर १४ अंश आणि ८० टक्के असतील तर त्या हवेच्या एका घनमीटरमध्ये १० ग्रॅमहून कमी पाणी असते. जुलैच्या दुपारी ३० अंश आणि ६५ टक्के दिसले, म्हणजे आकडा कमी असला, तरी तिच्यात जवळपास २० ग्रॅम पाणी असते. म्हणून थंडीत, पहाटेची हवा कितीही दमट भासली तरी, ती माळ्यावर घेणे फायद्याचेच. ती आत येऊन थोडी तापली की कोरडी होते आणि जाताना ओल घेऊन जाते.

पावसाळ्यात आतल्या आणि बाहेरच्या हवेत हा फरक उरत नाही, तेव्हा वायुवीजनाकडून फार अपेक्षा ठेवू नये. त्या दिवसांत उपयोगी पडतो तो खुद्द पत्रा. उघडीप मिळाली की तो तासाभरात तापतो, माळ्याची हवा गरम होते, फळ्या आणि पोती ओल सोडतात. नेमके त्या वेळी झरोके उघडे असले पाहिजेत. संध्याकाळी किंवा झड लागल्यावर झडपा ओढून घ्याव्यात. न्हाणी आणि शेगडीची वाफ वर जाणे थांबले असेल तर बंद माळाही चार दिवस तग धरतो. ताईंच्या कोठीवर बहुधा स्लॅब असावा. तो उन्हाने असा पटकन तापत नाही, म्हणून तिथे उघड्या खिडकीचा तोटाच जास्त झाला.

एक इशारा देऊन ठेवतो. माळा लवकर वाळावा म्हणून काही जण खाली कोळशाची शेगडी पेटवून ठेवतात. बंद खोलीत कोळशातून जो वायू निघतो त्याला वास नसतो आणि झोपलेला माणूस त्यातून उठत नाही.


मांजराकाठ

सर्वांना नमस्कार. सव्वा महिन्यानंतर लिहीत आहे.

न्हाणीची भिंत वर चढवली, तिला झरोका दिला, माळ्याला झाकण केले आणि स्वयंपाकघरात पंखा बसवला. केवळ एवढ्यावर परातीतील पाणी दीड लिटरवरून पेलाभर झाले. त्यानंतर काकांनी सांगितलेल्या मापाचे तीन झरोके फोडले. आता थंडी सरत आली आहे हे मान्य करूनही, गेल्या आठ-दहा स्वच्छ रात्रींत परात कोरडी आहे; फक्त न्हाणीच्या बाजूच्या कोपऱ्यात पत्रा ओलसर लागतो, तिथली फट अजून नीट बुजलेली नसावी. ताईंच्या सांगण्यावरून आर्द्रतामापक आणले. काम सुरू करण्याआधी पहाटे ते ८८ दाखवत होते, आज सकाळी ६१ होते. सगळे मिळून खर्च त्या लेपाच्या निम्म्याहून कमी आला, ही गोष्ट घरात वारंवार ऐकावी लागते आहे.

दोन शंका उरल्या आहेत. फळ्यांवरचे काळे ठिपके तसेच आहेत, ते रंगाने झाकावेत का? आणि पेरणीचे सोयाबीन आता माळ्यावरच ठेवले तर चालेल का?


ओळंबा

रंग इतक्यात देऊ नका. नाका-तोंडाला रुमाल बांधून, साबणाच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या घासणीने फळ्या पुसा, मग पंधरा-वीस दिवस उन्हाळ्याची हवा लागू द्या. डाग राहिला तरी चालेल. बोटाला काळे लागत नसेल आणि नखाने दाबल्यावर लाकूड मऊ लागत नसेल तर फळी शाबूत आहे. मऊ लागेल ती बदला. कोपऱ्यातली फट मात्र या आठवड्यातच बुजवून घ्या.


ज्वारीची भाकर

सोयाबीन खाली आणा, दादा, आणि होळीच्या आत आणा. ओल गेली हे चांगलेच झाले, पण बियाण्याला पत्र्याखालचा चैत्र-वैशाख तितकाच वाईट असतो. सोयाबीनचे टरफल नाजूक आणि त्याचा जीव उष्णतेने लवकर जातो. मे महिन्यात तुमच्या माळ्यावर हात टेकवत नसेल. स्लॅबच्या खोलीत, फळीवर, पोत्यांची उंच थप्पी न लावता ठेवा, आणि पोती उचलताना आपटू नका. दोन वर्षे ते दमट हवेत राहिले आहे, म्हणून पेरणीआधी उगवण पाहाच. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि आठवड्याने कोंब मोजायचे. सत्तर निघाले तर नेहमीच्या मापाने पेरा, साठ-पासष्ट निघाले तर थोडे वाढवून पेरा. त्याहून खाली आकडा गेला तर नवे बियाणे घ्यायला मृगापर्यंत थांबू नका, कारण तेव्हा दुकानात जे उरलेले असते तेच घ्यावे लागते.


मांजराकाठ

आज शंभर दाणे गोणपाटात ठेवले आहेत. आकडा इथेच कळवतो.